सोर

चंद्रभागेच्या सत्काराला मी गेले ती फक्त एक वाक्य ऐकायला. शाल, श्रीफळ, नगरसेवकाचं भाषण, भाषणानंतरचे बटाटेवडे, यातलं मला काही नको होतं. तिने माईक हातात घेऊन एवढंच म्हणायचं होतं, की ठाण्याच्या मॅचमधला तो गोल माझ्या एकटीचा नव्हता, शीलाने बॉल सोडला म्हणून झाला. बस्स. माझं लग्न झालं, मुलगी शाळेत जायला लागली, केसांत पांढरं दिसायला लागलं, तरी मी या एका वाक्यासाठी थांबलेली होते.

लोक म्हणतील, काय ही बाई, एका गोलाचं एवढं काय? असं म्हणणाऱ्यांनी कधी कुठल्या गोष्टीवर जीव टाकलेला नसतो. मला हेवा वाटतो म्हणा, जळते म्हणा, पोटात दुखतं म्हणा. दुखतंच.

आमची टीम दौलतसरांनी उभी केली. सर मूळचे साताऱ्याकडचे, डोंबिवलीला आमच्या शाळेत पीटी शिकवायचे. ऐंशीच्या सुमाराला मुलींनी फुटबॉल खेळायचा म्हणजे घरोघरी भांडण. हाफपँट हा शब्दसुद्धा आमच्या आईच्या तोंडून निघत नसे. ती नुसतं 'ते' म्हणायची. ‘ते घालून चाळीतून जाऊ नकोस, वरून परकर घाल.’ मी परकर घालून मैदानापर्यंत जायची आणि तिथे काढून पिशवीत कोंबायची. अर्ध्या मुली माझ्यासारख्या, कोकणातून येऊन चाळीत राहिलेल्या घरांतल्या. अर्ध्या कोपर गावातल्या, खाडीवरच्या कोळ्यांच्या.

चंद्रभागा त्यांतली. बाप गोमाजी होडी घेऊन खाडीत जायचा, आई मनुबाई मासळीबाजारात बसायची. चंद्री पहिल्यांदा मैदानावर आली तेव्हा थ्रो-इन म्हणजे काय हेही तिला माहीत नव्हतं. ते मी सांगितलं. बुटाची लेस दोनदा गुंडाळून कशी बांधायची तेही मीच दाखवलं. हे मी कुणाला सांगत नाही, पण विसरतही नाही.

खेळ माझाच चांगला होता. माझे दोन्ही पाय चालायचे, तिचा एकटा उजवा. माझा बॉल पायापाशी राहायचा, तिचा चार हात पुढे पळायचा आणि मग ती त्याच्यामागे पळायची. पळायची मात्र, ते कबूल करायला हवं. लहानपणापासून खाडीच्या चिखलातून चाललेली पोर, तिला कोरडी जमीन म्हणजे खाऊच.

कोपरच्या मुली ‘ड’चा ‘र’ करायच्या. घोडा म्हणजे घोरा, पडली म्हणजे परली आणि सोड म्हणजे सोर. आम्ही त्यावरून त्यांना भरपूर चिडवायचो. दौलतसरांना मात्र त्यात भलतंच काही दिसलं. आमच्या मॅचेस मुंबईच्या मुलींशी असायच्या. ‘लीव्ह’ म्हटलं तर वांद्र्याच्या मुलींना कळायचं, ‘सोड’ म्हटलं तर दादरच्या मुलींना. ‘सोर’ म्हटलं तर कुणाच्या बापाला कळणार नाही, असं सर म्हणाले आणि तो शब्द त्यांनी आमच्या टीमचा हुकूमच करून टाकला. मागून ‘सोर’ ऐकू आलं की पुढचीने बॉल मारायचा नुसता आव आणायचा आणि पाय न लावता जाऊ द्यायचा. मागे आपली कुणीतरी आहे असं समजायचं. मागे वळून बघायचं नाही.

“वळलीस की समोरचीला कळलं,” सर म्हणायचे. “कानावर भरवसा ठेवायचा.”

बाकीच्या सगळ्या कधी ना कधी वळायच्या. माणसाचा स्वभावच आहे तो. मी कधीच वळले नाही. सर इतरांना माझं उदाहरण द्यायचे, आणि चंद्री तेव्हा माझ्याकडे बघून ज्या कौतुकाने हसायची ते मला फार आवडायचं. त्या दिवसांत हेवा करायचं काम तिचं होतं.

त्र्याऐंशी साली महाराष्ट्राच्या संघासाठी निवड होती. ठाण्याच्या सेंट्रल मैदानावर मॅच ठेवलेली. मांडवात खुर्च्या टाकून निवड समितीची माणसं बसलेली. आमच्या टीममधून एकच मुलगी घेणार, आणि तीही पुढे खेळणारी, असं सरांच्या कानावर आलेलं. ती एक म्हणजे मी, याबद्दल सरांना शंका नव्हती, मला नव्हती, चंद्रीलाही नव्हती. आदल्या दिवशी तिनेच माझे बूट पॉलिश करून दिले होते.

मॅच बरोबरीत होती आणि संपत आलेली. डावीकडून कलावतीने बॉल सरपटत टाकला. मी गोलच्या तोंडाशी. समोर गोलकीपर, अंगावर एक दांडगी मुलगी, आणि बॉल माझ्या उजव्या पायावर येतोय. मी पाय उचलला होता. त्या पायाने तो बॉल मी झोपेतही मारला असता. तेवढ्यात उजवीकडून, मागून, स्पष्ट हाक आली.

“सोर!”

मी वळले नाही. पाय तसाच पुढे नेला आणि बॉल दोन्ही पायांमधून जाऊ दिला. गोलकीपर माझ्या अंगावर झेपावून आडवी झाली, दांडगी मुलगी मला येऊन धडकली आणि मागून चंद्री आली. समोर मोकळा गोल. तिच्या जागी आमची आई परकर नेसून असती तरी तिनेही मारला असता.

शिट्टी झाली, सगळ्या चंद्रीच्या अंगावर पडल्या. मीही पडले. मला वाटलं, आता मांडवातली माणसं म्हणतील, काय डोकं आहे या पोरीचं. मांडवातल्या एकाने दौलतसरांना विचारलं, “ती तुमची दहा नंबर, बॉल पायात येऊनसुद्धा तिला लागला नाही. चष्मा आहे का तिला?”

सरांनी समजावून सांगितलं. ते गृहस्थ हसले आणि म्हणाले, सगळे मास्तर आपापल्या पोरींचं असंच सांगतात. निवड चंद्रभागेची झाली.

मी थांबले. मला खात्री होती की आज ना उद्या ती येईल आणि म्हणेल, शीला, मी हाक दिली, तू सोडलास, जागा तुझी होती. आली, पण म्हणाली काय? “वाईट नको वाटून घेऊस गं. होतं असं.” आणि माझा हात दाबून धरला. होतं असं! माझ्या ताटातला घास उचलायचा आणि वर मलाच पाणी विचारायचं. मी हात सोडवून घेतला. माझ्या तोंडाने मी मागणार नव्हते. जिचं देणं तिने द्यावं.

पुढच्या जूनमध्ये दौलतसर बदली घेऊन साताऱ्याला गेले. वडिलांनी मला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत चिकटवलं. पंख्याचे रेग्युलेटर तपासून खोक्यात भरायचे. मी बूट माळ्यावर टाकले. आईने एकदाच विचारलं, खेळत नाहीस का आता? मी म्हटलं, सोडलं. तिने देवापुढे साखर ठेवली.

आणि चंद्रभागा निघाली. महाराष्ट्राकडून कलकत्त्याला खेळली. मग भारताच्या शिबिरात गेली, मग भारताकडून सिंगापूरला. पेपरात फोटो आला, तो आमच्या पिठाच्या गिरणीवाल्याने भिंतीला चिकटवला. म्हणजे दर आठवड्याला दळण टाकायला गेले की तिचं दर्शन. फोटोत बॉल तिच्या चार हात पुढेच होता. गिरणीवाला म्हणायचा, “तुम्ही पण खेळायचात ना हिच्याबरोबर?” पण! त्या ‘पण’साठी मी दुसरी गिरणी धरली. ती लांब होती आणि पीठ जाड काढायची.

मग खेळाडू म्हणून तिला रेल्वेत नोकरी लागली. डोंबिवलीच्या पास काढायच्या खिडकीत. दुपारी प्रॅक्टिसला सुट्टी, वर्षातून दोन-तीनदा दौरे, पगार चालू. आम्ही इथे रेग्युलेटर तपासून तपासून अंगठे सोलून घेतो. महिन्याचा पास काढायला गेलं की मी मुद्दाम दुसऱ्या रांगेत उभी राहायची, तर ही काचेमागून हाका मारायची. “शीला, इकडे ये गं, इकडे.” सगळी रांग माझ्याकडे बघायची. माझा नवरा महिपत एकदा बरोबर होता. घरी येईपर्यंत तो दुसरं काही बोलला नाही. “केवढी साधी आहे. भारताची कॅप्टन होती म्हणतात, आणि तुला हाक मारते.” मी म्हटलं, होय, उपकारच आहेत.

सिंगापूरहून तिने मला छत्री आणलेली. तीन घड्यांची, बटण दाबलं की उघडणारी, तेव्हा आमच्या चाळीत कुणाकडे नव्हती. मनुबाई दरवर्षी सुके बोंबील आणि सोडे पाठवायची. मला कळत नव्हतं असं वाटलं का त्यांना? खाई त्याला खवखवे. मन खातं म्हणून छत्र्या वाटायच्या. सोडे आम्ही खाल्ले, महिपतला आवडतात. छत्री मी कधी उघडली नाही. भिजत गेले, पण उघडली नाही.

सत्त्याण्णव साली तिचा गुडघा गेला आणि तिने खेळ थांबवला. रेल्वेच्या मुलींना शिकवायला लागली. कोपर गावातल्या मंडळाने सत्कार ठेवला. मंडळाची माणसं घरी येऊन सांगून गेली की जुन्या खेळाडूंनी पुढच्या रांगेत बसायचं आहे. मी ठेवणीतली साडी नेसले. आता खेळ संपला होता. आता खरं बोलायला तिचं काय जात होतं?

सूत्रसंचालन करणाऱ्याने सगळं विचारलं. पहिले बूट, पहिला विमानप्रवास. मग तो म्हणाला, “ताई, ज्या गोलाने तुमचं नशीब उघडलं त्या गोलाबद्दल सांगा. तो बॉल नेमका तुमच्या पायाशी आला कसा?”

चंद्रीने माईक धरला. सरळ माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीत पुढे सरकले. मग तिने नजर काढून घेतली आणि म्हणाली, “आला कुठून तरी. देवाने दिला.”

टाळ्या.

मी वडे येईपर्यंत तरी कशी बसले ते माझं मला माहीत. तिच्याभोवतीची गर्दी पांगल्यावर मी गेले. गळ्यात झेंडूचा हार, हातात शाल, चंद्री मला बघून खुलली.

“आलीस गं. मला वाटलं तू नाय येणार.”

“देवाने दिला का तो बॉल?”

तिचा चेहरा उतरला. तिने मला कोपराला धरून मांडवाच्या कडेला नेलं, जिथे तिची आई खुर्चीत बसलेली होती. “हळू बोल. म्हणून तर मी काय सांगत नाय. इतक्या वर्षांत कुणाला नाय सांगितलं. पेपरवाल्यांनी विचारलं, टीव्हीवाल्यांनी विचारलं. मी म्हटलं, आला कुठून तरी.”

“काय नाही सांगितलंस?”

“तुझा चुकला ते.”

मला आधी समजलंच नाही. ती बोलत राहिली, माझ्या दंडावरून हात फिरवत. “तुझ्यासारखं खेळणारं तेव्हा कोण होतं? आणि नेमका त्या दिवशी पायातून बॉल गेला. तुझ्या घरी आले तेव्हा तुझं तोंड बघवत नव्हतं. मी ठरवलं, हा विषय आपण काढायचा नाय. आई पण बोलली, त्या पोरीला जपून राहा, तिला लागलंय.”

छत्री, सोडे, काचेमागून मारलेल्या हाका. माझ्याकडून काही घेतलं म्हणून तिचं मन खात होतं असं मी समजत होते. तिला माझी दया येत होती. मी तिच्यावर जळत होते तो सगळा वेळ ती माझ्यावर दया करत होती, आणि तीही इतकी हळू की मला कळू नये.

“चुकला नाही,” मी म्हटलं. माझा आवाज चढलेला. “तू हाक दिलीस. सोर म्हणालीस. मी सोडला.”

“मी?” चंद्री खरोखर आठवायला लागली. “मी कुठे काय बोलले? मी किती मागे होते. मला तर वाटलं तू मारणारच. मी बोलेन कशाला?”

“खोटं बोलू नकोस. मी या कानांनी ऐकलं.”

मांडववाल्याचा माणूस खुर्च्या गोळा करत आमच्यापाशी आला. मनुबाईच्या शेजारच्या खुर्चीवर तिची पिशवी होती, त्याने पिशवीसकट खुर्ची उचलली.

“सोर!”

मी वळले. जन्मात पहिल्यांदा त्या शब्दाला वळून बघितलं. म्हातारीने माणसाच्या हातातली खुर्ची धरून ठेवली होती. मासळीबाजारात आयुष्य काढलेला आवाज, आणि लेकीच्या गळ्यात तोच उतरलेला. पण लेकीचा असा एकदम वर जाऊन तुटत नसे. त्या दिवशीचा तुटला होता. मला तो इतक्या वर्षांनीही जसाच्या तसा आठवत होता. फक्त मी तो दुसरीच्या नावावर लावला होता.

मी खाली बसले, तिच्या पायांपाशीच. “मावशी, तू आलेलीस त्या दिवशी? ठाण्याला, मॅचच्या वेळी?”

“आलेली ना.” मनुबाईने पिशवी मांडीवर घेतली. “हिला न्यायाला आलेली. तिथंच ठान्यात, चेंदनीला माझ्या बहिनीच्या घरी पावनं बसलेलं हिला बघायाला. आनि ही मला बोलली मैत्रिनीकरं जाते. मला कोनीतरी सांगितलं, तुझी पोरगी मैदानात पलते. मी तशीच चालत गेली. दोरीपाशी उभी राहून हाक मारली, सोर ते, घरा चल.”

“ऐकलं होतंस तू?” मी चंद्रीला विचारलं.

चंद्री हसायला लागली. “ऐकणार नाय? आईचा आवाज मेलेल्याला पण ऐकू येईल. म्हणून तर जोरात पळाले. म्हटलं आता ही हाताला धरून नेणार, त्याच्या आत एक तरी मारून घेऊ.”

मग ती हसायची थांबली. तिला कळलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे, आणि मला अजूनही ते वाक्य हवं होतं. आता ते ती म्हणू शकत होती. माईक अजून स्टेजवर होता, माणसं वडे खात होती. पण म्हणणार काय? आई मला बोलवायला आलेली आणि त्या हाकेवर शीलाने बॉल सोडला? लोक हसून लोळले असते. मीच हसले असते, दुसऱ्या कुणाचं असतं तर.

“मी चुकले नव्हते,” मी पुन्हा म्हटलं.

“हो गं,” चंद्री म्हणाली. “नव्हतीस.” तिचा विश्वास बसला होता, तरी हात माझ्या पाठीवरून तसाच फिरत होता, मघाचाच.

मनुबाईला उशिरा उमगलं. तिने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. “म्हंजे मी सोर बोलली ते हिनं नाय ऐकलं, आनि तू ऐकलंस?”

“हो, मावशी.”

तिने माझ्या गालावरून बोटं उतरवून आपल्या कानशिलावर मोडली. “ही कवा माझं ऐकते? लग्न करून दाखवलंन का शेवटपर्यंत? तू गुनाची गो बाय. तुला बोललं सोर, तू सोरलंस.”

मग तिने पिशवीतून पुडा काढला आणि माझ्या हातावर सत्काराचा पेढा ठेवला. मी खाल्ला.